उजेडात बघून आणते

आमच्या दुकानात आलेली बाई कापड कधी लगेच घेत नसे. ती पिशवीतून साडी काढायची. मी मागच्या फळीवरून ताका ओढून तिच्या काठाशेजारी धरायचे. मग ती साडी आणि कापड दोन्ही उचलून म्हणायची, "उजेडात बघून आणते," आणि सरळ रस्त्यावर जाऊन उभी राहायची. माझं न कापलेलं कापड घेऊन! तीस वर्षांत एकही बाई ते घेऊन पळाली नाही.

आमचं मॅचिंग सेंटर. साडीवर जुळणारं ब्लाउजचं कापड, अस्तर, फॉल, दोरा, आणि कोपऱ्यात पिकोचं मशीन. बारामतीच्या जुन्या पेठेत, रस्त्याला लागून. गल्ल्यावर माझे यजमान बसायचे आणि बोलायचं काम माझ्याकडे होतं. ते कमी बोलतात आणि मी जास्त बोलते, त्यामुळे वाटणी आपोआप झाली होती.

बाई रस्त्यात उभी राहिली की एकटी राहत नसे. समोरून जाणारी कुणी अनोळखी बाई थांबायची आणि "जरा गडद पायजे व्हता," म्हणून पुढे जायची. रिक्षावाला हॉर्न वाजवायचा, मग तोही एक नजर टाकायचा. समोरच्या दुकानातले सोनार चष्मा कपाळावर चढवून लांबूनच मान हलवायचे. त्यांना कुणी विचारलेलं नसायचं. मला या सगळ्याचा भयंकर राग यायचा. कापड माझं, साडी तिची, आणि मत अख्ख्या पेठेचं. पण बाई परत येऊन "द्या हेच" म्हणाली की ते मत पक्कं असायचं, आणि असं घेतलेलं कापड परत आल्याचं मला आठवत नाही.

मी स्वतः मात्र उजेडात कधी गेले नाही. मला गरज नव्हती. वांगी, आमसुली, अंजिरी, फालसा, डाळिंबी या रंगांत भलेभले गोंधळतात. मी नाही. मी पळसदेवची. लग्न होऊन इथे आले तेव्हा मला चार रंगांची नावं धड येत नव्हती. पण वर्षभरात सासूबाईच घरी आलेल्या साड्या माझ्यापुढे टाकून "ह्यो कंचा गं?" असं विचारू लागल्या. सणसरची एक बाई तर साडी न आणताच यायची आणि म्हणायची, "ताई, मागल्या दिवाळीला नेसले व्हते ती. तुमी बघितलीया की." मी डोळे मिटून ती साडी आठवायचे आणि कापड काढून द्यायचे. जुळायचं. मला आयुष्यात दुसरं फारसं काही येत नाही, हे मी आधीच सांगून टाकते. स्वयंपाकही माझा बेताचाच.

दोनेक वर्षांपूर्वी पेठेतल्या आमच्या इमारतीच्या मालकांनी सांगितलं, इमारत पाडून नवी बांधायची आहे. खालच्या सगळ्या दुकानदारांनी तोपर्यंत दुसरीकडे बघावं. नवी उभी राहिली की ज्यांना परत यायचं असेल त्यांनी खुशाल यावं, फक्त वेळेत लेखी कळवावं. यजमानांनी बसस्थानकापासून चालत पाच मिनिटांवरच्या एका नव्या व्यापारी संकुलात पहिल्या मजल्यावर गाळा घेतला. पेठेतली बरीच मंडळी त्यांच्या मागोमाग तिथेच आली. म्हणजे शेजार तोच, पण सगळ्या दुकानांची तोंडं वेगळीकडे.

त्या जागेनं मला पहिल्या दिवसापासून चकवलं. लिफ्टमधून बाहेर पडलं की डावीकडे आणि उजवीकडे अगदी एकसारखा बोळ. सहा महिने मी रोज एकदा तरी चुकीकडे वळून मोबाइलवाल्याच्या दारात उभी राहत असे. तो बिचारा न बोलता बोट दाखवायचा. काचेचं दार, चकचकीत फरशी, छतात पांढरे दिवे. गावाकडच्या बायका ती फरशी बघून चपला दाराबाहेर काढायच्या. सणासुदीला बोळात चपलांचा असा ढीग व्हायचा की समोरच्या ऑफिसातल्या माणसाला वाटलं, आमच्याकडे रोज पूजा असते.

सोयी होत्या, नाही कशाला म्हणू? बायकांसाठी स्वच्छ संडास-मोरी होती. पेठेत ती कधीच नव्हती, आणि अंथुर्ण्याहून सकाळी निघालेली बाई दुपारपर्यंत कशी तग धरायची याचा मी तीस वर्षांत एकदाही विचार केला नव्हता. बसायला खुर्च्या होत्या. यजमानांचे गुडघे दुखतात, त्यांना लिफ्ट आवडली. माझी सूनही तिथे खुलली. ती अंथुर्ण्याची, बी.कॉम. झालेली. तिने ताके रंगाप्रमाणे लावून घेतले आणि प्रत्येक फळीवर चिठ्ठी चिकटवली. मला त्या चिठ्ठ्या बघूनच चीड यायची. रंग वाचायचा असतो का?

पण एक गोष्ट मला आजही उमगलेली नाही. आमच्याकडची खरेदी उरकली की बायका उठताना एकमेकींना म्हणायच्या, "चला, आता जरा बाजारात जाऊन येऊ." अगं, मग आत्ता कुठे होतात? मी बाजारातच बसले होते ना? चहूबाजूंनी दुकानं, वर पाटी, खाली गाड्या, आणि बाजार मात्र दुसरीकडेच. मी एकीला विचारलं तर ती हसली. "हितं सामान मिळतं की ताई. पर बाजार तिकडं, पेठंत." पेठेत तेव्हा आमच्या जागी पत्र्याचं कुंपण आणि वाळूचा ढीग होता. माणसं त्या पत्र्याला वळसा घालून फिरत होती आणि त्यालाच बाजार म्हणत होती.

मग रंग चुकायला लागले.

पहिल्यांदा श्रीखंडीच्या जागी मोतिया गेला. बाईने दुसऱ्या दिवशी परत आणला. होतं कधीतरी. मग चिंतामणी निळ्यावर हिरवट काहीतरी गेलं. मग एका मास्तरीण बाईंनी काळं म्हणून नेलेलं कापड गडद निळं निघालं आणि त्या जिन्यातूनच बोलत आल्या. तीस वर्षांत जे झालं नव्हतं ते एका पावसाळ्यात तीनदा झालं. मी हादरले. आणि हादरले की मी आवाज चढवते. मी म्हटलं, हे दिवे! या दिव्यांत रंग खोटा दिसतो.

यजमानांनी वायरमन बोलावला. त्याने पांढरे काढून पिवळसर दिवे लावले. पिवळसर काढून परत पांढरे लावले. तिसऱ्यांदा तो शिडीवरूनच म्हणाला, "काकू, ह्याच्यापुढं आता सूर्यच बसवावा लागंल." मी त्याला चहा न देताच पाठवला.

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. संकुलातल्या साडीवाल्यांना सांगितलं, ड्रेस मटेरियलवाल्याला सांगितलं, रंगीत दोरे आणि लेस विकणाऱ्या बाईंना सांगितलं. इथला उजेड खोटा आहे, आपण पेठेत परत गेलं पाहिजे, नाहीतर गिऱ्हाईक तुटेल. सगळ्यांना पटलं. साडीवाले म्हणाले, "बरोबर बोलताय वहिनी, माझ्याही लक्षात आलंय." लेसवाल्या बाई म्हणाल्या, त्यांना तर पहिल्या दिवसापासून शंका होती. बोलता बोलता गिऱ्हाइकांतही पसरलं. बायका माझ्याकडून कापड घेऊन जिना उतरून पार्किंगमध्ये जायला लागल्या. तिथला रखवालदार शिट्टी मारत मागे धावायचा, कारण त्याला वाटायचं माल चालला.

तेवढ्यात मालकांचा निरोप आला. इमारत आता होत आली होती. परत येणाऱ्यांनी डिसेंबर संपायच्या आत सह्या द्याव्यात. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण परत जायचं कारण माझं होतं. यजमान म्हणाले, "तू म्हणशील तसं." त्यांना जायचं नव्हतं, हे मला दिसत होतं. सुनेलाही नव्हतं.

याच सुमारास ती सणसरची बाई आली. हिचीच साडी मी डोळे मिटून आठवायचे. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. इंदापूरला, तिथल्या मंगल कार्यालयात. मुलीची आई म्हणून नेसायची तिची साडी वांगी रंगाची होती, जरीकाठाची. ती साडी फॉल-पिकोला आमच्याकडे टाकून म्हणाली, "बिलाउजचं तुमीच बघा. शिंप्याकडं बी तुमीच द्या. माज्यामागं लई कामं हायती." असं सोपवून जायची पद्धत आहे आमच्याकडे. मनावर घेऊन करावं लागतं.

मी मनावर घेतलं. या दिव्यांवर माझा विश्वास नव्हता, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतः साडी आणि दोन ताके घेऊन खाली उतरले. रखवालदाराने शिट्टी तोंडात धरली, मी त्याच्याकडे नुसतं बघितलं, त्याने काढली. भर उन्हात उभं राहून मी दोन्ही लावून पाहिले. एक ताका निवडला. वर आले. सून म्हणाली, "आई, हा जरा तांबूस वाटतोय का?" मी म्हटलं, "मी उन्हात बघून आलेय. तू दिव्याखाली बघतेयस." ती पिकोच्या मशीनकडे वळली. कापड मी स्वतः नेऊन शिंप्याला दिलं, तिच्या हातात दिलं नाही.

लग्नाला आम्ही दोघी एसटीने गेलो. कार्यालयाच्या पुढे मांडव होता, पण वरमाय येणार म्हणून बायका बाहेर उन्हात रांग धरून उभ्या होत्या. मुलीची आई पुढे होती. मी तिला लांबून पाहिलं आणि माझं मन भरून आलं. साडी आणि ब्लाउज, एक धागा इकडचा तिकडे नाही. हे काम आता कुणी करतं का? मी जवळ गेले आणि तिच्या नात्यातल्या चार बायकांसमोर मोठ्याने म्हणाले, "बघा, याला म्हणतात रंग. उन्हात उभं राहून बघितलाय."

एकीने पदर तोंडाला लावला. एक म्हातारी माझ्याकडे बघून दुसरीकडे बघायला लागली. मला वाटलं, मी फुशारकी मारली म्हणून असेल.

मुलीच्या आईने माझा हात धरला आणि मला जरा बाजूला नेलं. तिच्या लग्नघरात शंभर कामं पडली होती, तरी ती सावकाश बोलली. "ताई, राग धरू नका. तुमाला ह्या दोन्हीचा एकच रंग दिसतोय व्हय?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"साडी वांगी हाय. बिलाउज आमसुली हाय. परवा आणल्याबरूबर दिसलं मला. पर म्हटलं, ताईंनी बघितलंय, माजंच काय तरी चुकत असंल. म्हणून घातलं."

मी तिच्या दंडाकडे बघितलं. खांद्यावरच्या पदराकडे बघितलं. पुन्हा दंडाकडे. भर दुपारचं ऊन होतं, आणखी उजेड कुठून आणणार होते मी? मला एकच रंग दिसत होता. ती माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं. तिने स्वतःच्या डोळ्यांवर ठेवला नाही तो विश्वास माझ्यावर ठेवला आणि मुलीच्या लग्नात अख्ख्या भावकीपुढे तशी उभी राहिली. वर मला म्हणाली, "जेवल्याबिगर जायाचं न्हाय."

मी जेवले. काय जेवले ते आठवत नाही. परतीच्या गाडीत निमगाव मागे पडेपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते आणि दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीचा रंग मनात म्हणून बघत होते, आणि तो बरोबर आहे का हे कळायला काही मार्गच नव्हता. मग सुनेला विचारलं, "खरं सांग. तुला माहीत होतं?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "आई, मार्चपासनं. फॉल-पिकोच्या साड्यांसंगं तुमी कापून ठिवलेल्या पुड्या मी संध्याकाळी बघत हुते. चुकीचं असलं की बदलून ठिवायची. माज्या नजरंतनं सुटलं तेवढंच परत आलं."

"किती बदललंस?"

"मोजलं न्हाय." मग बोटाचा पदर सोडत म्हणाली, "आई, तितल्या दिव्यात रंग बरूबर दिसतात. पेठंतल्यापेक्षा बी बरूबर."

इतके दिवस मी तिच्या चिठ्ठ्यांवर चिडत होते. आता मला कळेना की रागावू कुणावर. तिने सांगायला हवं होतं की नको होतं? सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं? मी नसतं ऐकलं. हे मला चांगलं ठाऊक आहे.

डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. हळूहळू येतो, म्हणून कळत नाही, त्यातून जग पिवळट दिसतं आणि जांभळे-निळे रंग मरतात. ऑपरेशन साधं आहे. मी विचारलं, "मग पेठेत मला नीट दिसायचं ते पेठेतल्या उजेडामुळे की माझं वय कमी होतं म्हणून?" ते म्हणाले, "ते मी कसं सांगणार, काकू?"

ते कुणीच सांगू शकत नाही. पेठेत शेवटची दोन-तीन वर्षं मी चुकत असेन आणि रस्त्यावरच्या बायका, रिक्षावाले, ते आगाऊ सोनार मला वाचवत असतील, असंही असेल. ज्या मतांचा मला राग यायचा त्यांच्यावरच माझं नाव चाललं असेल. किंवा नसेलही. आज मागे जाऊन बघायची सोय नाही.

ज्यांच्याशी एवढं सगळं बोलले त्यांना खरं सांगणं भाग होतं. मी संकुलातल्या एकेका दुकानात गेले. साडीवाल्यांकडे उभी राहिले आणि म्हटलं, "भाऊजी, दिव्यांचा काही दोष नाही. दोष माझ्या डोळ्यांचा. मोतीबिंदू निघाला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग छताकडे बघितलं. मग हातातल्या साडीकडे. "मग वहिनी," ते म्हणाले, "मला कसा खोटा दिसत होता?"

त्यांची चेष्टा नव्हती. ते खरोखर विचारत होते. लेसवाल्या बाईंनी तर ऐकूनच घेतलं नाही. तुमच्या डोळ्यांत असेल मोतीबिंदू, पण उजेड खोटाच आहे, म्हणाल्या. त्यांनी त्या दुपारीच पेठेसाठी सही दिली.

आमचा सहीचा कागद तसाच गल्ल्यात होता. यजमानांनी काढून पुढे ठेवला. मला अजूनही पेठेत जायचं होतं. आजही जायचंय. पण कारण विचारलं तर माझ्याकडे सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. आणि इथेच राहायचं म्हटलं तर त्यालाही माझ्याकडे कारण नव्हतं, फक्त बाकीच्या दोघांकडे होतं. मी कागद त्यांच्याकडे सरकवला आणि म्हटलं, "तुम्ही दोघं ठरवा." लग्नाला पस्तीस वर्षं झाली, हे वाक्य त्यांनी माझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. ते घाबरलेच. "बरं वाटत नाही का तुला?" त्यांनी विचारलं.

ऑपरेशनला अजून आठवडा होता. दुकान बंद ठेवणं शक्य नव्हतं. सकाळी दारात चपला काढून एक तरणी पोरगी आत आली, सोबत आई. साडी काउंटरवर उलगडली. माझा हात सवयीने मागच्या फळीकडे गेला आणि तिथेच थांबला. त्या दोघी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. पोरीची आई म्हणाली, "ह्यांना दाखीव. ह्यांच्याइतकी नजर बारामतीत कुणाची न्हाय."

मी साडी उचलली आणि पिकोच्या मशीनवर बसलेल्या सुनेपुढे धरली. त्या दोघींना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "हा कुठला रंग गं?"